सहा नंबरचा होकार

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसत वाचतोय. माझ्या गावाकडे ज्याच्या त्याच्या आजोबांना ओढ्यावर कोणीतरी भेटलेलं असतं, पण माझ्या आजोबांना कधी कोणी भेटलं नाही. मी विज्ञान शिकलो. घराण्यातला पहिला पदवीधर... त्यामुळे जे मोजता येत नाही ते नाहीच, असं मानायची एक ऐट अंगात होती. म्हणूनच पुढची हकीकत मी इतकी वर्षं घराबाहेर काढली नाही. आता सत्तरी उलटली आहे, आबा जाऊनही बरीच वर्षं झाली. लिहून टाकतो. मधे थोडं तांत्रिक येईल, तेवढं सांभाळून घ्या — त्याशिवाय यात विचित्र काय होतं ते कळणार नाही.

आमचं गाव मावळात, वराळ्याच्या पलीकडे. जमीन डोंगराच्या उताराची, भात निघालं की शेतात काम उरायचं नाही. मग आबा, म्हणजे माझे वडील, दर उन्हाळ्यात लोणावळ्याच्या वरच्या डोंगरात गाळ उपसायच्या कामाला जायचे. तिथे एक लहानसा खाजगी तलाव होता. (मोठ्या, नावाजलेल्या तलावांपैकी नव्हे. नाव मुद्दामच देत नाही.) तलावाचं पाणी डोंगर फोडून काढलेल्या एका बोगद्यातून पलीकडच्या उतारावर एका गिरणीला जायचं. उन्हाळ्यात तलावाकडचं लोखंडी दार खाली पाडून, म्हणजे बंद करून, बोगदा कोरडा करत आणि सातआठ माणसांची टोळी आत शिरून गाळ काढी. आबांनी त्या गाळावर मला वडगावच्या शाळेत आणि पुढे पुण्याच्या कॉलेजात घातलं. हे वाक्य लिहिताना आजही मी क्षणभर थांबतो.

साल अठ्ठ्याहत्तर असावं. मी पुण्याच्या एका संस्थेत नुकताच लागलो होतो, आणि योगायोग असा की संस्थेला प्रयोगासाठी नेमका तोच तलाव मिळाला. तलावाचं दार कॉम्प्युटरने उचलायचं आणि पाडायचं! आज कोणाला त्याचं काही वाटणार नाही, पण तेव्हा कपाटाएवढं ते यंत्र जीपमधून घाट चढून आलं तेव्हा भुशी गावापासून पोरंसोरं बघायला आली होती. दाराजवळच्या पत्र्याच्या खोलीत ते बसवलं, उन्हापासून वाचवायला खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले.

आता त्या यंत्राची रीत सांगतो. आमचे प्रमुख परांजपे सर यांना एक परदेशी कल्पना फार आवडली होती. सगळं काम करणारा एकच मोठा प्रोग्राम लिहायचाच नाही. मध्ये एक अगदी लहान गाभा ठेवायचा आणि बाकीची कामं वेगवेगळ्या छोट्या प्रोग्रामांना वाटून द्यायची. एक तलावाची पातळी बघणारा, एक घड्याळ सांभाळणारा, एक सगळे निरोप कागदावर छापणाऱ्या टेलिप्रिंटरचा, एक गिरणीकडच्या झडपेचा आणि पाचवा दाराचा. कोणी कोणाच्या घरात डोकावायचं नाही. काही सांगायचं असेल तर निरोप लिहून गाभ्याकडे द्यायचा, गाभा तो पोचवणार आणि उत्तर परत आणून देणार. गाभा म्हणजे नुसता टपालवाला. स्वतः काही ठरवत नाही.

यंत्र सुरू करताना आधी गाभा जागा होई. मग आमच्या एकशिक्षकी शाळेतल्या हजेरीसारखं चाले. प्रत्येक प्रोग्राम उठून “हजर” असा निरोप पाठवी, गाभा त्याचं नाव हजेरीत घेई. सगळे आले की दाराचा प्रोग्राम हजेरीतल्या बाकी प्रत्येकाला विचारी — दार हलवू का? सगळ्यांचा होकार आल्याशिवाय दार हलत नसे. होकार आले की पहिलं काम म्हणजे दार वीतभर उचलून परत पाडायचं. त्याला आम्ही दाराची कवायत म्हणत असू.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. निरोपावर पाठवणाऱ्याचा नंबर पाठवणारा स्वतः घालत नसे. तो गाभा घाली, टपाल कचेरीचा शिक्का पडतो तसा. म्हणजे खोट्या नावाने निरोप पाठवण्याची सोयच नव्हती.

मूळ आराखड्यात एक सहा नंबरही होता. बोगद्याच्या खालच्या तोंडाशी जुनी दगडी चौकी होती, तिथे धोंडीभाऊ नावाचा म्हातारा राखणदार असे. त्याच्या फोनची तार यंत्राला जोडायची असं ठरलं होतं. दार हलवायच्या आधी चौकीत फोनची घंटी वाजावी, धोंडीभाऊने बोगद्यात हाळी देऊन यावं आणि मग रिसीव्हर उचलावा. रिसीव्हर उचलला म्हणजे सहा नंबरचा होकार. पण काम सुरू व्हायच्या आधीच धोंडीभाऊ वारला. गिरणीवाल्यांनी चौकी बंद केली, तार तोडली, आणि आम्ही सहा नंबरचा प्रोग्राम काढून टाकला. मीच काढला. ज्या टेपवरून प्रोग्राम यंत्रात भरत, तिच्यावर नंतर पाचच राहिले.

त्या दिवशी मुंबईहून एक मोठे साहेब कवायत बघायला यायचे होते. संस्थेला पुढचं काम मिळणार की नाही ते त्यांच्यावर होतं. मे महिना, सगळा डोंगर वाळून कोळ झालेला, सावलीला एक झाड नाही. सकाळी टोळी बोगद्यात गाळ काढत होती. दुपारची जेवणाची सुट्टी झाली तसे आबा खोलीच्या दाराशी आले. फडक्यात भाकरी, कांदा आणि सुकटाची चटणी.

“आबा, आत या ना. गार आहे आत.”

“नगं बाबा. तुज्या मशिनीला हात लागायचा नि बिगडायची. मग सायेब तुलाच बोलतील.”

“हात लावून बिघडत नाही हो ती.”

“तुज्या हातानं न्हाई बिगडत. तू शिकल्याला हाईस.” असं म्हणून हसले आणि उंबऱ्याबाहेरच उकिडवे बसले. पायात मी पहिल्या पगारातून घेतलेल्या चपला होत्या. चामड्याच्या, पुढे पितळी बटणाच्या. गावात त्यांनी त्या इतक्या जणांना दाखवल्या होत्या की आई वैतागली होती.

थोड्या वेळाने टोळीचे मुकादम किसनभाऊ आले. डोंगरातल्या ठाकरवाडीचे, काटक, जिभेला धार. बोगद्यात जाताना प्रत्येक जण पितळी बिल्ला घेऊन जाई आणि बाहेर आला की परत देई. किसनभाऊंनी सगळे बिल्ले परांजपे सरांपुढे टेबलावर ओतले.

“समदी भाईर हाईत सायेब. दुपारचं काम बंद म्हनलात, आता ट्रक येईस्तवर आमी मोकळं. ह्यो दिन्या काय करतोय मशिनीम्होरं? लय वाकून बघतोय... न्हाव्याम्होरं बसल्यावानी.”

सर हसले. बिल्ले मोजले, बरोबर भरले. किसनभाऊ आबांना घेऊन निघून गेले. बोगदा रिकामा.

साहेब आले, खुर्चीवर बसले. मी टेप लावली. गाभा जागा झाला आणि टेलिप्रिंटर खडखडू लागला. नंबर एक हजर. दोन हजर. तीन, चार, पाच...

आणि पुन्हा खडखडला. नंबर सहा हजर.

मला वाटलं माझीच नजर चुकली. सर पुढे आले, कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. “दिनकर, सहा काढलास ना तू?”

“हो सर. कधीच.”

“मग हा कोण?”

तेवढ्यात दाराने सगळ्यांना विचारलं. चौघांचे होकार एकामागून एक आले. सहाचा आला नाही. टेलिप्रिंटर थांबला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. सहा हजर होता, पण हो म्हणत नव्हता, आणि दाराचा प्रोग्राम त्याच्या उत्तराची वाट बघत बसला होता.

यंत्र बंद केलं. आमच्या यंत्राची स्मृती चुंबकी कड्यांची होती, वीज गेली तरी आतलं राहायचं. कुठेतरी जुना आकडा शिल्लक असेल म्हणून सरांनी सगळी स्मृती पुसायला लावली. मी कपाटातून दुसरी, कधीही न वापरलेली टेप काढून लावली. पुन्हा सुरुवात.

एक, दोन, तीन, चार, पाच. आणि सहा.

चार होकार... आणि पुन्हा ती वाट बघणारी शांतता.

“परांजपे,” साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, “तुमची नवरी काही मांडवात येत नाही बुवा.”

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी वर्षं घातली होती यात. शेवटी खालच्या आवाजात मला म्हणाले, “जाऊ दे. हाताच्या चाकाने दार उचलून दाखवतो. दार नीट हलतंय एवढं तरी दिसेल.”

का कोण जाणे, मी म्हणालो, “सर, जुन्या तारेचं टोक कुठेतरी चिकटलं असेल. चौकीवर जाऊन तोडून येतो. मग यंत्रानेच दाखवू.” खरं सांगतो, मला कसलीही शंका आली नव्हती. मला फक्त माझा प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध करायचं होतं.

सरांनी साहेबांकडे एक नजर टाकली. बाहेर स्टोव्हवर चहा ठेवला होता. “साहेबांचा चहा होईपर्यंत. त्यानंतर मी चाक फिरवणार. पळ.”

डोंगराच्या पाठीवरून खालच्या तोंडाकडे एक पायवाट उतरते. करवंदीच्या जाळ्यांतून मी घसरत, ओरबाडत खाली गेलो. चौकीला कुलूप, पण खिडकीची झडप कधीच गळून पडलेली. बाहेरच्या भिंतीवरून तारेचं टोक लोंबत होतं... हातभर अंतरावर तोडलेलं, गंजलेलं, हवेत. कशालाच चिकटलेलं नव्हतं. पलीकडे खांबापर्यंत तारच नव्हती.

मी ते टोक हातात धरून उभा राहिलो. आता वर जाऊन सांगायचं काय, या विचारात बोगद्याच्या तोंडाकडे नजर गेली.

तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड आहे. वाघजाई. तिच्यापुढून चपला घालून कोणी बोगद्यात जात नाही, मुकादमसुद्धा नाही. त्या दगडापाशी चपलांची रांग होती. टायरच्या, रबराच्या, एक अंगठा तुटून दोरीने बांधलेली. आणि शेवटी, बाकीच्यांपासून जरा बाजूला, नीट जोडून ठेवलेल्या... पितळी बटणाच्या.

“आबा!”

आतून गार हवा येत होती. अंधारात कोणीतरी खोकलं.

“कोन हाय?” किसनभाऊंचा आवाज. “दिन्या व्हय? आरं पडू दे की जरा. भाईर भट्टी पेटल्याय.”

“बाहेर या! दार उचलतायत!”

“बिल्लं दिल्यात की समदं!”

“मग आत का शिरलात?”

“आरं, बिल्ला कामाला आसतो. झोपायला कुटं बिल्ला लागतोय?” आणि दोघंतिघं हसले.

मी आत धावलो. पायांना थंडगार चिखल. बोगदा पुढे वळतो, त्या वळणाच्या अलीकडे सगळे पोत्यांवर पसरले होते. मी दिसेल त्याचा हात धरून ओढायला लागलो. माझा आवाज ऐकून किसनभाऊंचं हसू थांबलं. “उटा रं! उटा!” त्यांनी एका म्हाताऱ्याला काखेत धरून उचललं. सगळे बाहेर धावले. मी मागे वळून पाहिलं तर आबा परत आत निघाले होते.

“आबा!”

“फडकं राह्यलं भाकरीचं. तुज्या आयनं—”

जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं मी वडिलांना शिवी दिली. दंडाला धरून फरपटत आणलं. आम्ही तोंडाशी पोचलो आणि आतून वारा आला. आधी नुसता वारा, ओल्या दगडाच्या वासाचा, पाठीवर ढकलणारा. मग आवाज. आम्ही कडेच्या खडकावर चढलो न चढलो तोच पाणी आलं. वीतभर उघडलेल्या दाराचं पाणी... पण उतारावरून येता येता ते कमरेच्या वर झालं होतं, तांबडं, त्यात पोती, एक पितळी डबा आणि आबांचं फडकं. वाघजाईच्या दगडावर आपटून ते खाली दरीत गेलं. चपला गेल्या. थोड्या वेळाने पाणी आपोआप ओसरलं, म्हणजे वर सरांनी दार पाडलं. चहा झाला होता.

किसनभाऊंनी दोन्ही हातांनी कान धरले आणि दगडापुढे कपाळ टेकलं. आबा धापा टाकत बसले होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “नव्या चपला गेल्या रं.”

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

“तुला कसं कळलं आमी आत हाय त्ये?” त्यांनी विचारलं. आणि मी काही बोलायच्या आत, “आन मगाधरनं त्यो फोन तूच करत हुतास का?”

“कुठला फोन?”

“त्यो चौकीतला. दोनदा वाजला की.”

बाकीच्यांनी नाही म्हटलं, ते झोपले होते. पण आबांना दुपारी झोप लागत नसे. “पैल्यांदा वाजला तवा पडूनच राह्यलो. दुसऱ्यांदा लय येळ वाजला. म्हनलं काय निकड हाय का काय... उटून खिडकीपातुर गेलो. हात बी लावला.”

“मग?”

“मग काय? आपल्याला कोन करतंय फोन? सायबाचा आसंल म्हनलं. दुसऱ्याच्या फोनला कशाला हात लावा. आलो म्हागं नि पडलो.”

मी उठून चौकीकडे गेलो. खिडकीतून वाकून बघितलं. भिंतीवर जुना काळा फोन तसाच होता. त्यावर धुळीचा जाड थर, आणि रिसीव्हरवरच्या धुळीत चार बोटं उमटलेली. ताजी. झाकण कधीच निघून पडलं होतं, त्यामुळे आतली घंटी उघडी दिसत होती. तिच्या दोन वाट्यांच्या मध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. वाळून दगड झालेलं, टोला त्यात घट्ट रुतलेला. मी खिडकीतून हात घालून तो हलवून पाहिला. हलला नाही.

आम्ही यंत्र दोनदा सुरू केलं होतं. दोनदा दाराने सहा नंबरला विचारलं होतं — हलवू का? आणि होकार म्हणजे काय, ते मीच एकेकाळी लिहिलं होतं. रिसीव्हर उचलणं.

परांजपे सरांना कळलं तेव्हा ते उतारावरून चालत खाली आले, किसनभाऊंपुढे हात जोडून उभे राहिले. किसनभाऊच म्हणाले, “आमी बी गाढवच की सायेब. धोंडीभाऊ आसता तर जोड्यानं हानला आसता आमाला.”

पुढचे कित्येक दिवस आम्ही दोघांनी टेप तपासली, आकडा न् आकडा. पाचच प्रोग्राम. आम्ही यंत्र कितीदा तरी सुरू करून पाहिलं. सहा पुन्हा आला नाही. घाटातल्या वीजवाहिनीमुळे तारेत काही शिरलं असेल, असं सर म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, “पण तार नाहीच आहे रे.” आणि शिक्का? गाभ्याने निरोपावर सहाचा शिक्का मारला होता, आणि गाभा स्वतःच्या मनाने काही करत नाही. सर जाईपर्यंत आमची भेट झाली की हा विषय निघायचाच, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी येऊन थांबायचा. टोळीतल्या कोणाला मात्र प्रश्न पडला नाही. कोणी वाघजाई म्हणालं, कोणी धोंडीभाऊ. मी दोन्ही मानत नाही... पण त्यांच्याजवळ निदान उत्तर होतं.

चौकीत नंतर माणूस ठेवला, नवी तार ओढली, मी सहा नंबरचा प्रोग्राम परत लिहिला. आबांना मी नव्या चपला घेतल्या. पण रिसीव्हर उचलला असता तर काय झालं असतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. जाईपर्यंत नाही.

बऱ्याच वर्षांनी आम्ही लोणावळ्याला घर केलं आणि तिथे फोन बसवला. आबा दिवसभर त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे, पण वाजला की हात लावायचे नाहीत. स्वयंपाकघराकडे तोंड करून हाका मारायचे — “दिन्या! आरं फोन हाय तुजा!” नातवंडं हसायची. बायको म्हणायची, अहो, त्यांना शिकवा की उचलायला, एवढे शिकलेले तुम्ही.

मी हातातलं काम टाकून यायचो आणि स्वतः फोन उचलायचो. आबांना उचला असं मी एकदाही म्हटलं नाही.